लाइनचा एक्केचाळिसावा अर्थ

कवडू मिस्त्री सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या कचेरीत भिंत बांधायला आला, तेव्हा त्याच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता. सुनंदाताईंनी ते आधी पाहिलं. त्या कार्डांच्या कपाटाआडून माझ्यापर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "वरघने, तोंड भरलेलं आहे त्याचं."

"थुंकेल की."

"आत्ताच भरलंय. पन्नी अजून हातात होती."

म्हणजे सकाळ गेली. आमच्या भागात तोंडात खर्रा असलेला माणूस बोलत नाही. तो हनुवटी वर करतो, आणि ज्याला समजायचं त्याला समजतं. मी उमाळकर सरांकडे पाहिलं. ते टेबलाशी ताठ बसून मिस्त्रीच्या फुगलेल्या गालाकडे बघत होते. दुपारी चारच्या आत त्या तोंडातून एक विशिष्ट शब्द बाहेर पडला नाही, तर आमची कचेरी कायमची बंद होणार होती.

तो शब्द म्हणजे 'लाइन'.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा होतो आणि आर्वीच्या शब्दवेल मंडळात साहाय्यक म्हणून काम करत होतो. मराठी माणूस बोलताना जे इंग्रजी शब्द वापरतो, त्यांचा कोश मंडळ करत होतं. सव्वीस वर्षं करत होतं. उमाळकर सर संपादक, वय एकाहत्तर. सुनंदाताई काकपुरे कार्डं सांभाळायच्या. आणि मी गावभर फिरून लोकांचं बोलणं ऐकायचो. ऐकण्याचा पगार मिळणारा जिल्ह्यातला मी बहुधा एकटाच. वडील लोकांना सांगायचे, मुलगा संशोधनात आहे.

कामाची पद्धत सरांनी ठरवलेली. एखाद्या शब्दाचा एखादा अर्थ कोशात घ्यायचा, तर त्याला तीन साक्षी हव्यात. तीन वेगवेगळ्या गावांच्या तीन माणसांनी तो शब्द त्या अर्थानं आपणहून बोललेला पाहिजे. आपण टिपतोय हे त्यांना माहीत असता कामा नये. त्यांना विचारायचं नाही, सुचवायचं नाही, त्यांच्यासमोर तो शब्द आधी आपण उच्चारायचा नाही. ऐकलं की कार्डावर वाक्य लिहायचं, बोलणाऱ्याचं नाव, वय, व्यवसाय, गाव, तारीख, आणि खाली ऐकणाऱ्याची सही. मग सर स्वतःची सही करायचे आणि कार्ड पेटीत जायचं.

या पद्धतीनं ए ते के बिनबोभाट छापून झालं. एल हे अक्षर 'लाइन'पाशी येऊन बसलं आणि तीन वर्षं उठलं नाही.

कारण लाइन हा शब्द लोक कशालाही म्हणतात. रेशनच्या दुकानासमोर लाइन असते. वीज जाते तेव्हा लाइन जाते. फोन लागत नाही तेव्हा लाइन व्यस्त असते. पोलीस राहतात ती लाइन, मुलगा नोकरी करतो ती लाइन, आणि तोच मुलगा कॉलेजच्या फाटकाशी उभा राहून मारतो तीही लाइन. बिघडलेल्या माणसाला बाप लाइनवर आणतो. कबड्डीत पाय लाइनला लागतो. सरांनी एकूण एक्केचाळीस अर्थ वेगळे काढले होते. चाळिसांच्या साक्षी पूर्ण होत्या. विजेच्या अर्थाला तर तीनशे बारा कार्डं आली होती, ती आम्ही पावसाळ्यात खिडकीच्या फटीत कोंबायचो.

अडला होता तो एक्केचाळिसावा. गवंडी विटांचा थर सरळ यावा म्हणून या टोकापासून त्या टोकाला दोरी ताणतात, त्या दोरीला काही गवंडी नुसतं 'लाइन' म्हणतात. पुलगावच्या एकानं म्हटलं होतं. हिंगणघाटच्या एकानं म्हटलं होतं. तिसरा मिळत नव्हता. बाकीचे सगळे 'लाइनदोरी' म्हणायचे, आणि जोडशब्द सरांना चालत नव्हता.

"सर, हा एक अर्थ सोडून देऊ," मी एकदा म्हणालो होतो. "चाळीस कमी आहेत का?"

सरांनी चष्मा काढला. सुनंदाताईंच्या डब्यात त्या दिवशी जवसाची चटणी होती. सरांनी बोटानं तिच्याकडे दाखवलं.

"हे काय आहे?"

"चटणी."

"हा तुझा शब्द आहे. लॅटिनमध्ये जवसाला लिनुम म्हणतात. जवसाच्या झाडाचा धागा काढायचे, धाग्याची दोरी वळायचे. त्या दोरीचं नाव लाइन. दोरी ताणली की रेघ दिसते, म्हणून रेघ ती लाइन. रेघेवर माणसं उभी केली, ती लाइन. तारेतून वीज नेली, ती लाइन. हे चाळीस अर्थ त्या दोरीची पोरं आहेत, वरघने. चाळीस पोरं मांडवात आणून बसवली आणि बापाला सांगितलं, तुमची जागा नाही. असं करू?"

"नको," मी म्हणालो. चटणी मात्र त्यानंतर मला नीट गेली नाही.

मंडळाचे सचिव निंभोरकर यांना या बापाशी काही देणंघेणं नव्हतं. ते कोशाच्या बाजूच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र चालवायचे आणि ते केंद्र भरभराटीला आलं होतं. मुलींच्या आया जिन्यात बसायच्या. मंडळानं ठराव केला: एलची पेटी सोमवारी चारच्या आत मुद्रकाच्या माणसाच्या हाती गेली, तर कोश सुरू राहील. नाही गेली, तर कोश बंद आणि खोली केंद्राला. पेटीत एकही कार्ड सरांच्या सहीशिवाय जाणार नव्हतं आणि एक्केचाळिसाव्या अर्थाला तीन कार्डं झाल्याशिवाय सर पेटीला लाख लावणार नव्हते. हे निंभोरकरांना पक्कं माहीत होतं. म्हणून त्यांनी चार वाजायची वाट न बघता सकाळीच मिस्त्री पाठवला. आमच्या खोलीच्या मधोमध भिंत घालून एका बाजूला मुलीकडचे आणि दुसऱ्या बाजूला मुलाकडचे बसवायचा त्यांचा बेत होता.

"बुधवारपासून मिस्त्रीला दुसरीकडे काम आहे," ते दारातून म्हणाले. "म्हणून आज. मनाला लावून घेऊ नका, उमाळकर."

"नाही नाही," सर म्हणाले. "या, मिस्त्री. सावकाश करा."

निंभोरकरांना तो उपरोध वाटला. तो नव्हता. भिंत बांधायची म्हणजे दोरी ताणायची. ज्या माणसाच्या शोधात मी तीन वर्षं बांधकामांवर वाळूच्या ढिगावर बसून काढली, तो माणूस निंभोरकरांनी दोरीसकट खोलीत आणून सोडला होता. आणि कवडू मिस्त्री मूळचा देऊरवाड्याचा, म्हणजे गावही वेगळं. सुनंदाताईंनी कोरं कार्ड काढून त्यावर 'आर्वी तालुका' एवढं लिहूनसुद्धा ठेवलं.

फक्त तो बोलत नव्हता.

त्याचा मदतनीस आला नव्हता. हे त्यानं मला खांदे उडवून आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून सांगितलं. मी लगेच शर्टाच्या बाह्या सरसावल्या.

"मी धरतो," मी म्हणालो. "काय धरायचं ते सांगा फक्त."

सर टेबलावरून माझ्याकडे बघत होते. सुचवायचं नाही हा नियम होता. दुसरं टोक धरायचं नाही असा नियम नव्हता.

मिस्त्रीनं पिशवीतून दोरीचा गुंडा काढला, एक टोक माझ्या हातात दिलं आणि हनुवटीनं समोरची भिंत दाखवली. मी गेलो. त्यानं हनुवटी खाली केली. मी वाकलो. डावीकडे केली. मी सरकलो. दोरी ताणली गेली, खिळे ठोकले गेले, पहिला थर आखला गेला आणि एवढ्या वेळात त्या माणसानं एक अक्षर उच्चारलं नाही. मी मुद्दाम दोरी सैल सोडली, की वैतागून तरी म्हणेल, अरे लाइन ताण. त्यानं येऊन माझा हात धरला आणि योग्य जागी नेऊन ठेवला. फार सज्जन माणूस होता.

साडेअकराला टपरीवरचा रुपराव चहा घेऊन आला आणि त्याच क्षणी पंखा बंद पडला.

"लाइन गेली का जी?" रुपराव म्हणाला.

सर उभे राहिले. सुनंदाताईंनी कपाटाचं दार घट्ट धरलं. मिस्त्रीसमोर शब्द उच्चारला गेला होता. आता तो बोलला तरी रुपरावचं ऐकून बोलला असं म्हणता आलं असतं.

"अर्थ वेगळा आहे," मी सरांना कुजबुजत म्हणालो. "ती वीज."

सरांनी बराच विचार केला. मग म्हणाले, "धरता येईल. पण रुपरावला बाहेर घालव."

रुपराव बाहेर गेला तर निंभोरकर आत आले. त्यांच्यासोबत पुलगावच्या एक बाई होत्या, मुलीसाठी स्थळ शोधत आलेल्या. जागा कशी होणार हे त्यांना दाखवायचं होतं.

"इथं मुलीकडचे बसतील," निंभोरकर म्हणाले. "आणि तुम्ही काळजी करू नका ताई. मुलगा चांगल्या लाइनला आहे."

"कोणत्या लाइनला?"

"मेडिकल लाइनला. दुकान मेन लाइनवर आहे. आत्ताच फोन लावून देतो, लाइन मिळाली तर."

सर खुर्चीत हळूहळू खाली बसत होते. सुनंदाताई मोजत होत्या. ओठ हलताना मला दिसले. तीन वर्षांत या खोलीत लाइन हा शब्द कुणी इतक्यांदा बोललं नव्हतं, आणि मिस्त्री त्या सगळ्यात विटा भिजवत शांत बसला होता. जगातली सगळी माणसं लाइन म्हणत होती. ज्याच्या हातात ती होती, तो सोडून.

दीडला तो जेवायला बाहेर कडुलिंबाखाली गेला. जेवायचं म्हणजे थुंकावंच लागणार. मी माझा डबा घेऊन त्याच्यामागे धावलो. त्यानं चूळ भरली आणि तो जो बोलायला लागला, तो थांबेना. मुलगी बाळंतपणाला आली आहे, जावई चांगला पण जरा हट्टी, यंदा तुरीला भाव नाही, गुडघा दुखतो. मी भाकरी हातात धरून नुसता ऐकत होतो.

"राहता कुठं?" मी विचारलं. एवढं विचारायला हरकत नव्हती.

"मी का? तलावाकडं गेलं की दहा-बारा घरं हायेत ना, त्या लाइनीत पाचवं घर."

तो सतरावा अर्थ. त्याची कार्डं कधीच पूर्ण झाली होती.

"भिंत छान होतेय," मी म्हणालो.

"व्हते," तो म्हणाला. "तुमचा हात सरळ हाय. पैले कुठं करत होते काम?"

मी सांगितलं की मी लोकांचं बोलणं ऐकतो. त्यानं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग माझ्या डब्यात स्वतःची एक भाकरी टाकली. जेवण झालं, त्यानं नवी पन्नी काढली, हातावर चोळली आणि तोंड भरलं. संभाषण संपलं.

दुपारी आम्ही तिघं जोरात कामाला लागलो. हे मला आजही नीट सांगता येत नाही, पण तेव्हा ते अगदी बरोबर वाटत होतं. भिंत जितकी वर जाईल तितक्यांदा दोरी वर सरकवावी लागेल, आणि जितक्यांदा सरकेल तितक्यांदा बोलण्याची संधी. म्हणून मी माल कालवत होतो. सुनंदाताई पदर खोचून विटा देत होत्या. सर एकाहत्तराव्या वर्षी घमेलं उचलायला निघाले, त्यांना आम्ही थांबवलं, तर ते पाणी मारत राहिले. आमची कचेरी बंद करणारी भिंत आम्हीच इतक्या झपाट्यानं बांधत होतो, की निंभोरकर दोनदा येऊन बघून गेले आणि दुसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर थोडी काळजी दिसली.

अडीचला भिंत गुडघ्याला लागली. सव्वातीनला कमरेला. प्रत्येक थराला दोरी वर गेली आणि प्रत्येक वेळी हनुवटी हलली.

"मुका तर नाही ना हो?" सुनंदाताईंनी मला विचारलं.

"जेवताना अर्धा तास बोलला."

"मग आताच काय झालंय?"

"कामात आहे ना."

पावणेचारला मुद्रकाचा माणूस आला. मोटारसायकल दाराशी उभी करून त्यानं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "पेटी तयार आहे ना? मला चारला निघायचंय, नागपूरपर्यंत जायचंय."

"तयार होतेय," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. मग त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला, तो परत उचलला, परत ठेवला. पेटीकडे पाहिलं. त्या पेटीत सहा हजार कार्डं होती आणि त्यातली निम्म्याहून जास्त त्यांच्या हातची. ते उठले आणि मागच्या मोरीकडे गेले. दार लागल्याचा आवाज आला.

मी मिस्त्रीकडे पाहिलं. तो थापीनं सांधे भरत होता. सुनंदाताई विटा आणायला बाहेर गेल्या होत्या. मुद्रकाचा माणूस मोटारसायकलच्या आरशात केस बघत होता.

मी टेबलापाशी गेलो, 'आर्वी तालुका' लिहिलेलं कार्ड घेतलं, पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं: 'ती लाइन जरा ताणून धर, म्हणजे थर सरळ येईल.' कवडू मिस्त्री, वय सुमारे पंचावन्न, गवंडीकाम, देऊरवाडा. खाली तारीख आणि माझी सही, वरघने. सगळं मिळून एक मिनिट लागलं नाही. तीन वर्षं ज्यासाठी वाळूवर बसलो, ते इतकं सोपं होतं.

सर हात पुसत आले. मी कार्ड पुढं केलं.

"बोलला," मी म्हणालो. "तुम्ही आत असताना."

सरांनी कार्ड घेतलं. एकदा वाचलं. भिंतीकडे बघून परत वाचलं. मिस्त्रीकडे बघून तिसऱ्यांदा वाचलं. मग खुर्चीत बसून माझ्याकडे पाठ करून त्यांनी कार्डावर सही केली. सहीला जरा वेळ लागला. मला वाटलं, वाक्य पुन्हा वाचत असतील. सुनंदाताई दोन विटा घेऊन आत आल्या आणि काय झालं ते कळल्यावर विटा हातात धरूनच रडायला लागल्या. सरांनी कार्ड पेटीत ठेवलं, झाकण लावलं, लाख लावली. चारला पाच कमी असताना मोटारसायकल गेली.

चार वाजून वीस मिनिटांनी मिस्त्रीचं दिवसाचं काम संपलं. तो बाहेर जाऊन थुंकून आला, हात धुतले आणि माझ्याकडे बघून, स्वच्छ, सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "भाऊ, ते दोरी सोडून दे ना तिकडून."

मी दोरी सोडली. सर रजिस्टरमध्ये काहीतरी लिहीत होते, त्यांनी मान वर केली नाही. सुनंदाताईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं, आणि मी दोरी गुंडाळण्यात फार वेळ घालवला.

कोश वाचला. निंभोरकरांना आपलाच ठराव पाळावा लागला. भिंत तशीच कमरेएवढी राहिली, कारण मंडळाच्या ठरावात भिंत पुरी करायचा उल्लेख नव्हता आणि पाडायचाही नव्हता. आम्ही तिच्यावरून चढून-उतरून ये-जा करायला लागलो. सर करायचे, तेव्हा मी हात द्यायचो.

पुढचे आठ महिने मी मनातल्या मनात स्वतःला कोशाचा तारणहार समजत होतो. घरी आईला सांगितलं, की माझ्यामुळे कचेरी राहिली. कसं, ते सांगितलं नाही. कधी कधी बांधकामावरून जाताना दोरी दिसली की मी मान फिरवायचो, पण ते थोडाच वेळ.

डिसेंबरात एलचा खंड छापून आला. सर त्या दिवशी तापानं घरी होते. सुनंदाताईंनी गठ्ठा सोडला, वरची प्रत घेतली आणि 'लाइन' काढला. अकरा पानं होती. त्या शेवटच्या पानावर थांबल्या, परत वाचलं, पुस्तक भिंतीवर उघडं ठेवलं आणि कपाटाकडे निघून गेल्या.

मी जाऊन वाचलं.

'४१. (गवंडीकाम) थर सरळ येण्यासाठी ताणलेली दोरी. हाच मूळ अर्थ. साक्षी: पुलगाव, हिंगणघाट, आर्वी (खोटी, वरघने).'

मी पुस्तक घेतलं आणि सरळ सरांच्या घरी गेलो. सर पलंगावर शाल घेऊन बसले होते. समोर पेज होती.

"सर, हे काय आहे?"

त्यांनी पानाकडे पाहिलं. "छपाई चांगली आलीय. कंसाचा टाइप जरा बारीक हवा होता."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"मोरी खोलीला लागून आहे, वरघने. परगावी नाही. मी आत होतो तेव्हा पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मिस्त्री बोलल्याचा आला नाही."

मी उभाच होतो. बस असं ते म्हणाले नाहीत.

"मग तिथंच फाडायचं होतं," मी म्हणालो.

"फाडलं असतं तर पेटी गेली नसती."

"मग सही करून गप्प बसायचं होतं. कुणाला कळलं असतं?"

"मला," सर म्हणाले. त्यांनी पेजेचा एक घोट घेतला. "नियम काय आहे? तीन साक्षी. तीन आल्या. त्यातली एक खोटी आहे, तेही मी सही करताना कार्डावर लिहिलं. आता यात खोटं काय आहे ते दाखव."

मी पान परत वाचलं. कंसावर बोट ठेवलं, मग काढून घेतलं.

"सव्वीस वर्षांत पहिलीच," ते म्हणाले. हे ते माझ्याकडे बघून म्हणाले नाहीत. "वाचणाऱ्याला जिथं शंका घ्यायची तिथं घेता यावी. बाकीच्या कार्डांवर मग घ्यावी लागत नाही."

आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "मी राजीनामा आणून देतो."

"कशाला?"

"नाव छापून आलंय, सर. अख्ख्या महाराष्ट्रात जाणार हे पुस्तक."

"तीनशे प्रती," सर म्हणाले. "त्यातल्या दोनशे निंभोरकरांच्या माळ्यावर राहतील." त्यांनी वाटी खाली ठेवली, उशीजवळचा कोऱ्या कार्डांचा गठ्ठा घेतला आणि माझ्यापुढं सरकवला. "एमला सुरुवात करायचीय. 'मार्क' घे. परीक्षेचे राहू दे, ते पुष्कळ मिळतील. सुताराकडे जा, शिंप्याकडे जा. आणि सही करताना यापुढं पूर्ण नाव लिहीत जा."

"का?"

"तुझ्या काकांचं किराणा दुकान आहे ना बाजारात? परवा मुद्रितं वाचून गेलेला एक जण त्यांना विचारत होता म्हणे, खोटे वरघने ते तुम्हीच का. त्यांना बिचाऱ्यांना काही माहीत नाही. ते दिवसभर वजनकाटा तपासत बसले."